जॅक गाडी उचलतो, धरून ठेवत नाही

कापडाच्या दुकानदाराने जॅकवर लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आज आपल्या समाजातला असा कोणता धंदा आहे, ज्याला गाडी लागत नाही? आठवडी बाजारात कापडाचे गठ्ठे नेणारा व्यापारी असो, केळीच्या घडांची पिकअप भरणारा असो, फर्निचर पोहोचविणारा सुतार असो की फळे-भाजी विकणारा, सगळ्यांचे पोट चार चाकांवर चालते. आणि ही चाके काढणारे, बसविणारे, गाडीखाली आडवे होणारे हात तर बहुतांशी आपल्याच मुलांचे आहेत. सावदा, फैजपूर, रावेर, भुसावळ कुठेही जा, रस्त्याकडेच्या गॅरेजात एखादा उस्ताद आणि त्याचे दोन-तीन शागिर्द दिसतीलच. म्हणून हा विषय फक्त गॅरेजवाल्यांचा नाही. तो आपल्या सर्वांचा आहे.

आम्ही या विषयाकडे वळलो ते एका प्रसंगामुळे. पावसाळ्याचे दिवस होते. रावेरचा बाजार आटोपून सावद्याला परत येत होतो. व्हॅनमध्ये न विकलेले गठ्ठे आणि सोबत दुकानातला एकोणीस वर्षांचा मुलगा. वडील नाहीत; त्याच्या अम्मीने तो आमच्या हवाली केलेला. वाघोदा सोडल्यावर मागचे डावे चाक बसले. आमच्याजवळ चांगला ट्रॉली जॅक होता, त्याचा थोडा अभिमानही होता. मुलाने गाडी डांबरावरून खाली, कडेच्या काळ्या मातीवर घेतली, जॅक लावला, गाडी वर केली, चाक काढले. गाडी गिअरमध्ये होती, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. मुलगा ब्रेकचा ड्रम पाहायला खांदा आत घालून वाकला होता. तेवढ्यात आम्ही त्याला स्टेपनी आणायला हाक मारली. तो उठून दोन पावले गेला असेल-नसेल, गाडी पुढे सरकली, जॅक आडवा झाला आणि ड्रम जिथे त्याचा खांदा होता तिथे चिखलात रुतला.

अल्लाहचा शुक्र की हाक त्या घटकेला मारली गेली. पण हाक मारण्यात आमचे काही शहाणपण नव्हते, हे आम्हाला पक्के ठाऊक आहे. त्या रात्री झोप आली नाही. मुलाच्या अम्मीला आम्ही काय तोंड दाखविले असते?

दुसऱ्या दिवशी आम्ही तो जॅक घेऊन एका जुन्या मिस्त्रीकडे गेलो आणि तक्रार केली की जॅक खराब निघाला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला, भार देऊन तपासला आणि म्हणाले, “सेठ, जॅक एकदम ठीक आहे. त्याने त्याचे काम केले. तुम्ही तुमचे केले नाही.” मग तासभर बसून त्यांनी जे समजावले, आणि नंतर आम्ही वाचून व विचारून जे पडताळले, ते येथे वाचकांसमोर ठेवत आहोत.

सर्वांचे सार एका वाक्यात आहे: जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, उचललेली गाडी धरून ठेवण्यासाठी नसतो. धरून ठेवण्याचे काम लोखंडी स्टँडचे आहे, ज्याला आपले मिस्त्री घोडी म्हणतात. हा फरक ज्याला कळला त्याचा जीव वाचला.

जॅकचे तीन प्रकार

पहिला कैची जॅक, म्हणजे गाडीसोबत कंपनीकडून मिळतो तो. मध्ये आटे पाडलेला दांडा असतो, तो फिरवला की कैची मिटत जाते आणि वर चढते. हा जॅक हलका आणि स्वस्त असतो. तो केवळ रस्त्यात चाक बदलण्यापुरता दिलेला असतो. त्याची बैठक जेमतेम तळहाताएवढी. त्यावर गाडी ठेवून खाली शिरणे म्हणजे जिवाशी खेळ होय.

दुसरा बाटली जॅक. उभ्या बाटलीसारखा दिसतो म्हणून हे नाव. आत तेल असते. लहान आकारात पुष्कळ वजन उचलतो, म्हणून ट्रक आणि पिकअपवाल्यांचा हा आवडता. परंतु तो उंच आणि अरुंद असल्याने कमी उंचीच्या मोटारीखाली जात नाही आणि बाजूने धक्का बसला तर चटकन कलंडतो.

तिसरा ट्रॉली जॅक, ज्याला फ्लोअर जॅकही म्हणतात. चार चाकांवर बसविलेला, लांब दांड्याचा, बुटका आणि रुंद. यातही तेलाचाच पंप असतो, पण तो आडवा असून एका लांब बाहूला उचलतो. बाहूच्या टोकाला वाटीसारखी बैठक असते, तिच्यावर गाडी टेकते. गॅरेजसाठी आणि ज्याच्या घरी वा दुकानी फरशीची जागा आहे त्याच्यासाठी हाच उत्तम.

एवढे वजन उचलले कसे जाते?

फ्रान्सचे शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल यांनी सतराव्या शतकात हा नियम मांडला की बंद भांड्यातील द्रवावर एका जागी दाब दिला तर तो सर्व बाजूंना सारखाच पोहोचतो. याच नियमावर इंग्लंडच्या जोसेफ ब्रामा यांनी १७९५ साली पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. आजचा तेलाचा जॅक हा त्याच यंत्राचा वंशज आहे.

हिशेब सोपा आहे. बाटली जॅकचे उदाहरण घ्या. पंपाचा लहान दट्ट्या १ सेंटिमीटर व्यासाचा आणि उचलणारा मोठा दट्ट्या ४ सेंटिमीटर व्यासाचा असेल, तर मोठ्याचे क्षेत्रफळ लहानाच्या १६ पट होते. म्हणजे लहान दट्ट्यावर १०० किलोचा जोर पडला तर मोठा १६०० किलो उचलतो. आणि लहान दट्ट्यावर १०० किलोचा जोर आणायला आपल्याला १०० किलो जोर लावावा लागत नाही. दांडा दहापट लांब असेल तर १० किलो पुरतो. फुकट मात्र काहीच मिळत नाही. लहान दट्ट्या १६ मिलिमीटर खाली गेला तर मोठा फक्त १ मिलिमीटर वर येतो. म्हणून इतके पंप मारावे लागतात.

आता वाचकांनी येथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्यावी. वर गेलेली गाडी कशावर उभी आहे? लोखंडावर नाही. ती तेलावर उभी आहे. आणि ते तेल अडवून धरले आहे एका रबरी सीलने, एका लहानशा छर्ऱ्याच्या व्हॉल्व्हने आणि खाली उतरविण्याच्या एका स्क्रूने. सील झिजले, व्हॉल्व्हखाली धुळीचा कण अडकला किंवा कोणाच्या पायाने दांडा फिरला, की दीड टन लोखंड खाली येते. ते कधी हळूहळू येते, कधी एकदम. काही रुपयांच्या रबरावर आपण आपली छाती ठेवावी काय, एवढाच प्रश्न आहे.

जॅक निवडताना

आम्ही कापडवाले ताग्यावर लिहिलेले मीटर कधी तसेच मान्य करीत नाही, मोजून घेतो. जॅकवर रंगवलेल्या टनाच्या आकड्याबाबतही तीच सवय ठेवावी.

वजन : आधी आपल्या गाडीचे वजन माहीत करून घ्या. आरसीमध्ये रिकाम्या गाडीचे वजन दिलेले असते आणि मालवाहू गाडीचे भरलेले वजनही. मारुती ८०० ही सुमारे साडेसहा क्विंटलची होती. बोलेरोसारखी जीप रिकामीच सुमारे १६ क्विंटल भरते. टाटा एसच्या पहिल्या डिझेल गाडीचे मालासह एकूण वजन १५५० किलोपर्यंत मान्य होते. एक बाजू किंवा एक टोक उचलताना जॅकवर पूर्ण वजन येत नाही. मागची दोन्ही चाके उचलली तर साधारण निम्मे येते, आणि मालवाहू गाडीत माल मागे असल्याने निम्म्याहून जास्त. तरीही आमचा सल्ला असा की जॅकची क्षमता गाडीच्या मालासकट पूर्ण वजनापेक्षा कमी नसावी. लहान मोटारी आणि व्हॅनला २ टनांचा जॅक पुरेसा होतो. जीप, मोठ्या मोटारी आणि पिकअपसाठी ३ टन किंवा अधिक घ्यावा. ज्या गॅरेजात सर्व प्रकारच्या गाड्या येतात त्यांनी मोठ्या गाडीचा हिशेब धरावा.

उंची : दोन उंच्या पाहाव्या लागतात. पहिली, जॅक पूर्ण खाली असताना त्याची उंची. गाडीचा टायर बसलेला असतो तेव्हा तिचा तळ आणखी खाली आलेला असतो; त्या फटीत जॅक गेला पाहिजे. साधा लहान ट्रॉली जॅक सुमारे १३-१४ सेंटिमीटर उंच असतो. बुटक्या बनावटीचे ८-९ सेंटिमीटरचेही मिळतात. दुसरी, जॅक पूर्ण वर गेल्यावरची उंची. लहान जॅक जेमतेम ३३ सेंटिमीटरच्या आसपास जातात. मोटारीला ते चालते. पण जीपचे चाक जमिनीवरून सुटण्याआधीच असा जॅक संपतो, आणि मग लोक त्याच्या वाटीवर विटा व लाकडे रचतात. अपघाताची सुरुवात तिथूनच होते. खरेदीला जाताना खिशात टेप न्यावी आणि आपल्या गाडीची मापे लिहून न्यावीत.

बांधणी : पुढच्या आणि मागच्या चाकांमधील रुंदी जितकी जास्त तितका जॅक स्थिर. चाके लोखंडी आणि सहज फिरणारी असावीत. वाटी खोल व रुंद असावी, तिच्यावर रबरी गादी असल्यास उत्तम. दांडा दोन तुकड्यांत असेल तर जोड घट्ट बसतो की नाही ते पाहावे. वेल्डिंगवरून बोट फिरवावे. जिथे भोके व फुगवटे लागतील तो जॅक परत ठेवावा. जादा भार आल्यास उचलायचे थांबविणारा सुरक्षा व्हॉल्व्ह आहे का, हे दुकानदाराला स्पष्ट विचारावे.

दुकानातील चाचणी : भार देऊन उचलायला सांगावे. अर्ध्या उंचीवर थांबवून खडूने खूण करावी आणि दहा मिनिटे चहा प्यावा. खूण खाली आली असेल तर किंमत कितीही कमी असो, तो घेऊ नये. दांडा अगदी थोडा फिरवून जॅक हळूहळू उतरतो की धाडकन, हेही पाहावे.

जे आपले बांधव हार्डवेअर आणि स्पेअर पार्टचा व्यापार करतात त्यांना एक विनंती. दीड टनाच्या मालावर तीन टनांचा कागद चिकटवून विकणे हेही मापात कमी देण्यासारखेच आहे, आणि मापात कमी देणाऱ्यांविषयी कुरआनात एक संपूर्ण सूरह आहे. कापडात एक गज कमी दिला तर गिऱ्हाईकाचे पैसे जातात. येथे त्याचा जीव जातो.

घोडीशिवाय जॅक घेऊ नये

जॅकसोबत घोड्यांची जोडी घेतलीच पाहिजे. एका नव्या टायरच्या किमतीत साधारण जोडी येते. बाजारात दोन तऱ्हेच्या मिळतात. एकीत दाते असतात आणि कुत्रे त्या दात्यात अडकते. दुसरीत नळीला भोके असून आरपार जाड खिळा घालावा लागतो. खिळ्याची घोडी उंची बदलायला थोडी कटकटीची, पण तिच्यात फसगत होण्यासारखे कमी. दात्याच्या घोडीत कुत्रे पूर्ण बसले की नाही हे डोळ्यांनी पाहूनच भार द्यावा. ज्यात दोन्ही सोयी असतात, तशी घोडी सर्वांत बरी.

नामांकित माल म्हणून डोळे मिटून घ्यावा असेही नाही. २०२० साली अमेरिकेत हार्बर फ्रेट या कंपनीला पिट्सबर्ग या नावाने विकलेल्या ३ टन आणि ६ टनांच्या लाखो घोड्या परत मागवाव्या लागल्या, कारण काही घोड्यांचे दाते कुत्र्यात नीट बसत नव्हते. पुढे त्याच वर्षी बदली म्हणून दिलेल्या काही घोड्याही वेल्डिंगच्या दोषामुळे परत घ्याव्या लागल्या. जिथे तपासणीचे कायदे कडक आहेत तिथे हे घडते, तर आपण आपले डोळे उघडे ठेवलेच पाहिजेत.

विटा, सिमेंटचे पोकळ ब्लॉक, दगडांची चळत, जुने रिम हे घोडीला पर्याय नाहीत. वीट आणि ब्लॉक वाकत नाहीत, आधी इशाराही देत नाहीत. ते एकदम फुटतात. एका जॅकला दुसरा जॅक जोडीला लावला म्हणजे घोडी झाली, हाही गैरसमज आहे. दोन्ही तेलावरच उभे असतात.

वापरण्याची रीत

१. जागा सपाट आणि टणक असावी. सिमेंटची फरशी सर्वांत चांगली. आपल्या तापीकाठची काळी जमीन पावसाळ्यात लोण्यासारखी होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. दोन्ही वेळी तिच्यावर भरवसा नको. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा डांबरही मऊ पडते आणि घोडीचे पाय त्यात रुततात. अशा वेळी खाली जाड फळी किंवा लोखंडी पत्रा घालावा. उतारावर जॅक लावू नये.

२. चाकांना आड लावावी. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये टाका, पण त्यावर थांबू नका. आमची चूक येथेच झाली. आमच्या व्हॅनचे इंजिन मागची चाके फिरवते. मागचे एक चाक हवेत गेले की डिफरन्शियलमुळे ते मोकळे फिरते आणि जमिनीवरचे दुसरे चाकही गिअर रोखू शकत नाही. राहिला हँडब्रेक, त्याची केबल आमच्या गाडीत सैल झालेली. पुढची चाके ओढणाऱ्या मोटारीत उलटा प्रकार होतो. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांवर असतो. मागची दोन्ही चाके उचलली की तो निरुपयोगी. कोणती गाडी कशी आहे हे लक्षात ठेवण्यापेक्षा एकच नियम पाळावा: जे टोक उचलायचे आहे त्याच्या विरुद्ध टोकाच्या चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे किंवा मोठे दगड लावल्याशिवाय जॅकला हात लावायचा नाही.

३. चाक काढायचे असेल तर नट आधी सैल करा. गाडी जमिनीवर असतानाच प्रत्येक नट अर्धा फेरा ढिला करावा. गाडी वर गेल्यावर पान्यावर उभे राहून जोर लावणे म्हणजे गाडीला जॅकवरून ढकलणेच होय.

४. ठरलेल्या जागीच जॅक लावा. गाडीसोबतच्या पुस्तकात या जागा चित्रासह दाखविलेल्या असतात. बहुतेक मोटारींत दाराखालच्या पट्टीवर खाचा असतात. वाटी आणि पट्टी यांच्यात खाच पाडलेला रबराचा वा कठीण लाकडाचा पातळ तुकडा ठेवला की पट्टी दबत नाही. इंजिनखालचे तेलाचे भांडे, गिअरबॉक्स, पातळ पत्रा यांना जॅक लावू नये.

५. ट्रॉली जॅकला सरकू द्या. ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. या जॅकचा बाहू सरळ वर जात नाही, तो कमानीसारखा वर जातो. त्यामुळे उचलताना एक तर जॅकने गाडीखाली थोडे सरकले पाहिजे, नाही तर गाडी जॅककडे ओढली जाते. चाके फरशीवर फिरत असतील तर जॅक आपोआप सरकतो. मातीत रुतली असतील, खडा अडकला असेल, तर वाटी जागेवरून घसरते. आमच्या चिखलात हेच झाले. म्हणून ट्रॉली जॅक हे फरशीचे हत्यार आहे. मातीत वापरणे भागच पडले तर खाली लांब, जाड फळी हवी, जिच्यावर त्याची चाके फिरू शकतील.

६. घोडी लावा, मग भार तिच्यावर उतरवा. गाडी हवी तेवढी उचलली की घोडी चॅसिसच्या किंवा एक्सलच्या मजबूत जागेखाली ठेवा. दोन घोड्यांची उंची सारखी असावी. मग जॅकचा स्क्रू अगदी थोडा फिरवून गाडी घोडीवर टेकवा. जॅक काढू नका. गाडीला नुसता लागलेला राहू द्या, तो दुसरा आधार.

७. हलवून पाहा. खाली जाण्यापूर्वी बाजूला उभे राहून गाडीला दोन्ही हातांनी धक्का द्या. जे डगमगायचे असेल ते तुम्ही बाहेर असतानाच डगमगू द्या. काढलेले चाक आडवे करून गाडीच्या पट्टीखाली सरकवा. सर्व काही चुकले तरी गाडी त्या चाकावर थांबेल आणि माणसाला श्वास घ्यायला जागा राहील.

८. गाडीत कोणी बसलेले नसावे, इंजिन चालू नसावे, आसपास मुले नसावीत. उतरविताना आधी खाली हत्यार वा हात राहिला नाही हे पाहून, मोठ्याने सांगून, स्क्रू हळू फिरवावा. चाक जमिनीला टेकल्यावर नट एकाआड एक असे पूर्ण आवळावेत.

रस्त्यात चाक बसले तर

आपल्या बहुतेक व्यापाऱ्यांना जॅकची गरज रस्त्यातच पडते. बुऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर रात्री केळीचे ट्रक कसे धावतात हे सांगायला नको. अशा ठिकाणी बसलेल्या टायरवर हळूहळू शे-दोनशे पावले गाडी पुढे नेऊन एखादा पेट्रोल पंप, धाबा किंवा पक्के आवार गाठावे. टायर खराब होईल, होऊ द्या. चमकणारे त्रिकोणी फलक मागे लांबवर ठेवावे. प्रवासी खाली उतरवून रस्त्यापासून दूर उभे करावेत. माल जड असेल तर निम्मा तरी उतरवावा. आळस करू नये. आणि रस्त्यात फक्त चाक बदलावे. खाली शिरून दुरुस्ती करण्याची ती जागा नव्हे.

आमच्या व्हॅनमध्ये आता जॅकसोबत एक फळी, दोन लाकडी ठोकळे आणि फलक कायम असतात. चाक काढण्याआधीच स्टेपनी गाडीखाली सरकवली जाते. स्टेपनी बसवायची वेळ आली की तिच्या जागी काढलेले चाक ठेवले जाते. या सर्वाला पाच मिनिटे जास्त लागतात.

देखभाल

जॅक नेहमी पूर्ण खाली उतरवून ठेवावा, म्हणजे दट्ट्या आत राहतो, त्याला गंज आणि धूळ लागत नाही. तेल कमी झाल्यास जॅकचेच हायड्रॉलिक तेल घालावे. ब्रेकचे तेल घालण्याची चूक अनेक जण करतात; त्याने आतील रबरी सील फुगून निकामी होतात. पंप मारताना जॅक स्प्रिंगसारखा लागला, उचलूनही पुन्हा बसू लागला, तर आत हवा शिरलेली असते. उतरविण्याचा स्क्रू मोकळा करून भाराशिवाय दहा-पंधरा वेळा पंप मारला की बहुधा हवा निघते. तेल गळू लागले तर तो जॅक त्याच दिवशी बाजूला काढावा आणि सील बदलून, भार देऊन, खडूची चाचणी करूनच परत घ्यावा. सुरक्षा व्हॉल्व्हचा स्क्रू आवळून क्षमता “वाढविणे”, दांड्याला लांब नळी घालून जोर लावणे, तडा गेलेल्या बाहूला वेल्डिंग करून वापरणे, हे तिन्ही प्रकार कायमचे बंद करावेत.

कोणी खाली अडकलेच तर घाबरून त्याला ओढू नये. आधी गाडी वर घ्यावी. दुसरा जॅक असेल तर तो, नसेल तर जमतील तेवढ्या माणसांनी एका बाजूने उचलावी. उचलताच खाली चाक वा लाकूड सरकवावे आणि मगच माणसाला बाहेर घ्यावे. त्याच वेळी एकाने १०८ वर फोन करावा. बाहेर निघालेला माणूस बोलत-चालत असला तरी त्याला दवाखान्यात न्यावेच. आतला मार वरून दिसत नाही.

उस्तादांसाठी दोन शब्द

गॅरेजच्या मालकांशी बोलताना एक उत्तर वारंवार ऐकू येते: “तीस वर्षे असेच काम करतो, काही झाले नाही.” आम्हीही वीस वर्षे असेच चाक बदलत होतो. ज्याला काही झाले तो हे उत्तर द्यायला येत नाही, एवढेच.

दुसरे उत्तर तवक्कुलचे. “अल्लाह राखणारा आहे.” बेशक आहे. परंतु उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपण लहानपणापासून मदरशात ऐकत आलो आहोत. घोडी लावणे म्हणजे उंट बांधणे आहे. न बांधता भरवसा ठेवणे हा तवक्कुल नव्हे, निष्काळजीपणा होय.

कायद्याचेही पाहावे. कामावर मजूर जायबंदी झाला किंवा दगावला तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते. ही गोष्ट आपल्या देशात १९२३ च्या कायद्यापासून चालत आली आहे. आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलाला गॅरेजात कामाला ठेवणे हा गुन्हा आहे. त्याने त्या वयात शाळेत असावे, गाडीखाली नव्हे.

शागिर्द सोपवताना आई-वडील उस्तादाशी कागद करीत नाहीत. “मुलगा तुमचाच समजा” एवढेच म्हणतात. ही अमानत आहे. शागिर्दाला पाना धरायला शिकविण्याच्या आधी ठोकळा आणि घोडी लावायला शिकवावे, आणि उस्तादाने स्वतः तसे करून दाखवावे. उस्ताद नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरत असेल तर शागिर्दही शिरणारच. गिऱ्हाईक घाईत असेल तर त्याला चहा पाजावा, पण घोडी चुकवू नये. आणि गिऱ्हाईक म्हणून आपणही “लवकर कर, लवकर कर” असा तगादा लावू नये.

तो मुलगा आजही आमच्याकडे आहे. गाडी उचलायची वेळ आली की तो आम्हाला आधी दूर उभे करतो, ठोकळे लावतो, बिस्मिल्लाह म्हणतो आणि मग जॅकला हात घालतो. त्या दिवशी काय टळले हे त्याच्या अम्मीला आम्ही स्वतः जाऊन सांगितले. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, “आता लक्ष ठेवा.” तेवढे तरी आपण सर्वांनी करावे, हीच विनंती.